नॅनो की न्यूक्लिअर? भाचीने कुठे जावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी नाशिकला कॉलेज रोडच्या एका कॉलेजात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे जॅमची, तयारी चाललीय. तिला दोन गोष्टींनी झपाटलंय. एक म्हणजे नॅनो कणांत औषध भरून थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवायचं संशोधन, आणि दुसरं म्हणजे न्यूक्लिअर फिजिक्स. दोन्हीपैकी कुठल्याच बाबतीत घरात एकमत नाही. दाजी म्हणतात, अणू म्हणजे एक तर बॉम्ब नाहीतर तारापूर. आजीला 'पोरीला किरणं लागतील' ही धास्ती. ताईचं म्हणणं, बी फार्म केलं असतं तर सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागली असती, रात्री जेवायला घरी तरी आली असती.

मी कॉमर्सवाली, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिची बाजू घ्यायला घरात दुसरं कोणी नाही. नॅनो औषधं हे खरंच काही आहे की नुसती हवा? आणि न्यूक्लिअर फिजिक्स शिकून माणूस शेवटी करतो काय? जाणकारांनी सांगावं. चेष्टा केली तरी चालेल, पण सोबत माहिती हवी.

खवचट_काका

नॅनो म्हटलं की मला ती गाडी आठवते. गाजावाजा केवढा झाला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. न्यूक्लिअरला घाला.

निफाडकर

गाडी राहू द्या काका, आमच्याकडं नॅनो युरिया आला होता. अर्ध्या लिटरची बाटली आणि म्हणे एका गोणीचं काम करते. मुलाला म्हटलं, हिशोब कर. पहिल्या बाटलीवर नत्र ४ टक्के लिहिलेलं, म्हणजे ५०० मिलीत २० ग्रॅम. गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. आता २० ग्रॅम शंभर टक्के पानात शिरलं तरी २० ग्रॅमच ना? तेव्हापासून नॅनो शब्द ऐकला की मी आधी खिशावर हात ठेवतो.

लॅबमधला_उंदीर

निफाडकर, हिशोब चोख आहे, पण औषधातलं नॅनो वेगळं. तिथे कमी माल घालून जास्त काम करून घ्यायचं नसतं. माल तेवढाच असतो, फक्त तो नको तिथे जाऊ द्यायचा नसतो.

माझी पीएचडी लायपोसोमवर झाली, आता एका कंपनीत फॉर्म्युलेशनला आहे, म्हणून जरा लांबण लावतो. साठच्या दशकात केंब्रिजजवळ अलेक बँगहॅम यांनी दाखवलं की पेशीच्या आवरणात असतात तसले लिपिड, म्हणजे चरबीसारखे रेणू, पाण्यात टाकले की त्यांचे आपोआप पोकळ गोळे बनतात, तेच लायपोसोम. त्या पोकळीत औषध भरता येतं. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिलला मान्यता मिळाली, नॅनो औषधांतलं हे पहिलं मोठं नाव. आत डॉक्सोरुबिसिन हे जुनंच केमोचं औषध. ते गाठीवर चालतं, पण हृदयाला इजा करतं. शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या लायपोसोममध्ये ते भरलं आणि वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवलं की रक्तात बराच काळ फिरत राहतं आणि हृदयाला होणारा त्रास कमी होतो. पण म्हणून सगळं आलबेल नाही. तळहात-तळपायांची कातडी सोलवटणं हा त्रास या रूपात जास्त दिसतो.

आता हवा कुठे आहे ते सांगतो. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी मांडलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे कण तिथे झिरपतात आणि अडकून राहतात. त्यावर तीसेक वर्षं जगभर निबंधांचा पाऊस पडला. २०१६ साली टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग गोळा करून पाहिलं. टोचलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत किती पोचतो? मध्यक आला ०.७ टक्के. उरलेला बराचसा यकृत आणि प्लीहा गिळतात. ते त्यांचं कामच आहे.

तेव्हा ताई, हवा आहे आणि वस्तूही आहे. भाचीला आधी यकृताशी दोस्ती करायला सांगा.

बागलाणी

०.७ टक्के??? भो, एवढ्यात तर आमची पोस्टातली मनीऑर्डर पण यापेक्षा बरी पोचायची.

डॉक्टर_इंदिरानगर

उंदीरभाऊ, तो ०.७ चा आकडा सगळीकडे फेकला जातो आणि मला तो खटकतो. साधं औषध शिरेतून दिलं तर गाठीत किती जातं? तेही फार कमीच. पेशंटच्या दृष्टीने प्रश्न असतो तो गाठीत किती आणि हृदयात, अस्थिमज्जेत किती, या गुणोत्तराचा. ते सुधारलं तर टक्का लहान असला तरी औषध जिंकलं.

लॅबमधला_उंदीर

मान्य, पण अर्धंच. गुणोत्तर सुधारल्यामुळे पेशंटला त्रास कमी होतो, हा नॅनोचा खरा फायदा. निबंधांत मात्र दावा असतो 'गाठ गायब'चा. आणि ती गाठ असते उंदराची. वीस ग्रॅमच्या उंदराला एक ग्रॅमची गाठ. माणसाच्या मापाने ती तीन-साडेतीन किलोची होते. तिथे चाललेलं इथे का चालत नाही, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

खवचट_काका

म्हणजे उंदरांचा कॅन्सर बरा झालाय, माणसांनी रांगेत यावं. आयडीही समर्पक घेतलाय हो.

पंचवटीकर_मीना

मी एरवी वाचनमात्र असते, पण इथे लिहावंसं वाटलं. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या दिरांना कोविडनंतर म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, झाला. तेव्हा 'लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन' हे नाव आम्ही सगळ्यांनी तोंडपाठ केलं होतं. डॉक्टरांनी वजनाला किलोमागे ५ मिलिग्रॅम सांगितलं. दिरांचं वजन साठ, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, आणि कुपी ५० ची. रोजच्या सहा कुप्या. अख्ख्या महाराष्ट्रात तुटवडा. एका ओळखीच्यांनी विचारलं, साधं अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त मिळतंय, तेच का नाही देत? डॉक्टर म्हणाले, त्याने मूत्रपिंडं जातील, यांना आधीच मधुमेह आहे.

हा लायपोसोम म्हणजे वर सांगितलेलाच का? तसं असेल तर गोदाकाठची ताई, नॅनो ही हवा नाही. दीर आज स्वतः स्कूटर चालवत गंगापूर रोडला जातात. एक डोळा गेला, पण आहेत.

लॅबमधला_उंदीर

हो मीनाताई, तोच. आतलं औषध बुरशीवर चालणारं, बाहेर लिपिडचा गोळा. आणि गंमत अशी की इथे कण यकृत-प्लीहेत जाणं काही वेळा पथ्यावरच पडतं. काळा आजाराचे परजीवी नेमके तिथेच दडून बसतात, म्हणून त्या आजारातही हेच औषध वापरतात.

सिडकोचा_राजा

आणि कोविडची लस विसरलात की काय? आपण सगळ्यांनी नॅनो कण टोचूनच घेतलेत.

डॉक्टर_इंदिरानगर

सगळ्यांनी नाही. लिपिड नॅनो कण होते ते फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींत. आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन. पहिल्यात निरुपद्रवी केलेला अ‍ॅडिनोव्हायरस, दुसरीत मारलेला कोरोना विषाणू. नॅनो लिपिडचा मान खरा तर त्याआधीच्या पॅटिसिरानचा. एका आनुवंशिक मज्जातंतूंच्या विकारावरचं हे औषध २०१८ मध्ये मंजूर झालं. आणि तेही यकृतातच जाऊन काम करतं! यकृताशी भांडायच्या ऐवजी त्यालाच पत्ता केला.

अर्धायुष्य

न्यूक्लिअरच्या बाजूने अजून कोणीच बोललं नाही म्हणून आलो. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, नाशिकच्याच एका दवाखान्यात. दाजींना सांगा, बॉम्बशी आमचा संबंध नाही. आमचं भांडण कसारा घाटाशी.

गंमत नाही. पेट स्कॅनला लागतं फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज. गाठ ग्लुकोजची हावरट असते, ती ते ओढून घेते. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. तो शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्हींची रेघ जुळवत गेलं की गाठीची जागा दिसते. पण या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मं संपतं. मुंबईच्या बाजूच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे ते बनवणाऱ्या यंत्रातून, चार तासांनी नाशिकला माल आला तर पाव भागही उरलेला नसतो. घाटात ट्रक उलटला आणि आणखी दोन तास गेले, तर उरलेल्याच्याही निम्म्याहून जास्त गेला. पेशंट उपाशीपोटी बसलेला आणि आम्ही नकाशावर गाडीचा ठिपका बघत बसलेलो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा उघडला तेव्हा नाशिकमध्ये सर्वांत जास्त आनंद कोणाला झाला असेल तर आम्हाला.

टेक्निशियम हे स्कॅनसाठी टोचायचं दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य, त्याचं गणित जरा सोसणारं. टेक्निशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास, पण ते जन्मतं मॉलिब्डेनम-९९ पासून, ज्याचं ६६ तास. म्हणून मॉलिब्डेनम भरलेला जनरेटरच आणून ठेवायचा आणि रोज सकाळी त्यातून टेक्निशियम काढायचं. आमच्यात त्याला काऊ म्हणतात आणि काढण्याला मिल्किंग. आठवडाभरात गाय आटते.

आजीबाईंसाठी: आमच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, किती किरणं लागली ते त्यातून मोजतात. नियमाने कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर चालत नाही. आणि आजींच्या स्वतःच्या अंगात, बटाटा-केळ्यातून आलेल्या पोटॅशियममुळे, दर सेकंदाला काही हजार अणू फुटत असतात. त्या नव्वदीपर्यंत आल्याच ना!

गोदाकाठची

@अर्धायुष्य, आजी ८६. हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणून मी केळं खात नाही."

निफाडकर

किरणांचं निघालं म्हणून. आमच्या लासलगावला बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) 'कृषक' काढलंय, कांद्यावर किरणं मारायचं. गावात अजून म्हातारी माणसं म्हणतात, तो कांदा खाल्ला तर पोटात अणू जातो. खरं काय ते एकदा सांगून टाका.

अर्धायुष्य

२००२ पासून चालू आहे ते. आत कोबाल्ट-६० आहे, अर्धायुष्य ५.२७ वर्षं. त्यातून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण निघतात. ते कांद्याच्या कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबवतात, म्हणून कोंब येत नाही. कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उखडायचा तर याच्या कितीतरी पट ऊर्जा हवी. त्यामुळे कांदा किरणोत्सारी होतच नाही. कोबाल्ट त्याच्या जागी आणि कांदा आपल्या जागी, दोघांची गाठभेट नाही. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूसही तिथे ४०० ग्रे इतका किरणांचा डोस खाऊन गेलाय, कोयीतल्या किड्यासाठी.

निफाडकर

हे पटलं. पण शेतकऱ्याचंही ऐका. कोंब थांबला तरी सड थांबत नाही. काढल्यावर लवकर न्यावा लागतो, नंतर गारव्यात ठेवावा लागतो, वर वाहतूक. भाव पडलेला असताना कोण करणार? आपली कांदाचाळच बरी. विज्ञान बरोबर असतं, गाडीभाडं चूक असतं.

बागलाणी

सहमत भो. कसारा घाट काय न लासलगाव काय.

सोनेरी_वर्ख

मला आश्चर्य वाटतं की इतक्या चर्चेत कोणी सुवर्णभस्माचं नाव घेतलं नाही. नॅनो कण आपल्या वैद्यांना शेकडो वर्षांपासून माहीत होते.

लॅबमधला_उंदीर

भस्मात नॅनो मापाचे सोन्याचे कण सापडतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे. पण कण लहान असणं आणि तो हव्या त्या अवयवात, मोजून, दरवेळी सारखा जाणं यात फरक आहे. चुलीच्या धुरातही नॅनो कण असतात.

सोनेरी_वर्ख

धुराशी तुलना करून आपण आपली पातळी दाखवलीत.

संपादक

भस्माची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. इथले पुढचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

खवचट_काका

शंभर वर्षांपूर्वी रदरफोर्डच्या पोरांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण मारले, काही उलटे आले आणि अणुकेंद्र सापडलं. आपण सोन्याच्या वर्खावर बोललो आणि संपादक सापडले.

रात्रपाळी_अंबड

एक भाबडा प्रश्न. नॅनोपण लहान, अणुकेंद्रपण लहान. मग पोरीला दोन्ही आवडतात यात भांडण कुठे आहे?

अर्धायुष्य

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. दोन्हींच्या मापात कोट्यवधी पटींचा फरक. लायपोसोम शंभर नॅनोमीटर. अणुकेंद्र नॅनोमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापातलं. खरा फरक ऊर्जेचा. रासायनिक बंध तुटतो-जुळतो तेव्हा काही इलेक्ट्रॉनव्होल्टची देवघेव होते. केंद्र फुटतं तेव्हा लाखो इलेक्ट्रॉनव्होल्टची. म्हणून केमोचं औषध पेशीत शिरून, नेमक्या रेणूला चिकटून मग काम करतं. किरणोत्सारी अणू नुसता जवळ पोचला तरी डीएनए तोडतो. पण तेवढ्याच सहजपणे चांगल्या पेशीचाही तोडतो. म्हणजे पोचवायचं कसं हा प्रश्न न्यूक्लिअरवाल्यांनाही सुटलेला नाही.

भाचीला बोरॉनची गोष्ट सांगा. १९३६ मध्ये लोचर यांनी सुचवलेली. बोरॉन-१० ला मंद न्यूट्रॉन फार आवडतो. तो गिळला की केंद्र फुटून एक अल्फा कण आणि एक लिथियमचं केंद्र बाहेर पडतं, आणि दोघंही दहा मायक्रोमीटरच्या आत थांबतात. म्हणजे साधारण एका पेशीएवढं अंतर. गाठीच्या पेशीत बोरॉन असेल आणि शेजारच्या पेशीत नसेल, तर न्यूट्रॉनचा झोत दोघींवर पडूनही मरेल ती पहिलीच. कल्पना झकास! पण अडलं कुठे? एक तर न्यूट्रॉनसाठी अणुभट्टी लागायची. दुसरं, पुरेसा बोरॉन फक्त गाठीतच जायला हवा. जपानने २०२० मध्ये अणुभट्टीऐवजी त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, वापरून डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी हा उपचार मंजूर केला, म्हणजे पहिली अडचण सुटत आली. दुसरीसाठी आता बोरॉन भरलेले लायपोसोम आणि नॅनो कण तपासतायत.

निफाडकर

बोरॉन आम्ही द्राक्षाला फुलोऱ्याआधी फवारतो, मणी सेट व्हायला. म्हणजे माझ्या बागेवर न्यूट्रॉन मारले तर?

अर्धायुष्य

तर द्राक्षाचं जे व्हायचं ते होईल, पण आधी अणुऊर्जा नियामक परिषदेचे लोक तुमच्या बांधावर येतील.

डॉक्टर_इंदिरानगर

मूळ प्रश्नाकडे या लोकहो. मुलगी काय शिकणार?

माझं मत: ताईंना फार्मसी कळते ती सातपूरच्या गेटवरून, पण भारतीय कंपन्यांना लायपोसोम बनवता येतो ही लहान गोष्ट नाही. २०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या एफडीएने सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं, आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या जेनेरिकला मान्यताही मिळाली. सारख्या मापाचे गोळे, प्रत्येक बॅचला तेच, हे फिजिक्सवाल्याचंच काम आहे.

माजी_पोस्टडॉक

मी जरा थंड पाणी ओततो. नॅनोत पीएचडी झालेल्यांची संख्या आणि जागा यांचा मेळ नाही. माझ्याबरोबरचे निम्मे आज डेटा सायन्समध्ये आहेत. चांदीचे कण केले, बॅक्टेरिया मारले, निबंध छापला, असल्या प्रयोगशाळेत अडकली तर पाच वर्षं गेली समजा. न्यूक्लिअर फिजिक्समध्ये निदान शिस्त लागते: डिटेक्टर, सांख्यिकी, प्रोग्रामिंग. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हा त्वरक आहे, दिल्लीला आययूएसी आणि कोलकात्याला व्हीईसीसी ही त्वरकांचीच केंद्रं. तिथून कुठेही वळता येतं. नॅनोतून परत केंद्राकडे वळणं अवघड.

लॅबमधला_उंदीर

असल्या प्रयोगशाळांबद्दल अक्षरशः सहमत. पण हा दोष गाईडचा, विषयाचा नाही. उंदरापलीकडे कधी गेलात का, हा एक प्रश्न गाईडला विचारला की पुढचं कळतं.

अर्धायुष्य

तिसरा रस्ताही आहे, माझा. एमएस्सी फिजिक्स, मग बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग इंटर्नशिप. दर रेडिओथेरपी विभागाला असा माणूस लागतोच, नियमच आहे. नोकरी नाशिकला मिळू शकते आणि रात्री जेवायला घरी येता येतं. ताईंना हे वाक्य ठळक करून दाखवा. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून आहे, तिथे निवड झाली तर प्रश्नच मिटला. कुठल्याही रस्त्याला एमएस्सी फिजिक्स लागणारच आहे, तेव्हा आत्ता भांडण्यात अर्थ नाही. जॅम द्या.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार! काल रात्री सगळे प्रतिसाद भाचीला वाचायला दिले. दाजींनी पण वाचले, शेवटी म्हणाले, "त्या घाटवाल्याला विचार, पगार किती?" हे मी विचारत नाही. ताई 'घरी जेवायला' या वाक्यावर थबकली आहे.

भाचीचा स्वतःचा प्रश्न मात्र मला समजला नाही, जसा आहे तसा टाकते: "नॅनो कण शरीरात कुठे गेला हे बघायला त्याला टेक्निशियम चिकटवतात ना? मग टेक्निशियम कणावरून सुटून वेगळं फिरायला लागलं, तर कॅमेऱ्यात दिसतंय ते कण आहेत की सुटं टेक्निशियम, हे कसं ओळखायचं?"

लॅबमधला_उंदीर

अरे वा. हा प्रश्न निबंध तपासणारेसुद्धा बऱ्याचदा विचारत नाहीत.

अर्धायुष्य

तिला सांगा: सुटं टेक्निशियम परटेक्निटेटच्या रूपात असतं, आणि ते जातं थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात. लायपोसोम जातो यकृत-प्लीहेत. स्कॅनमध्ये गळा आणि पोट उजळलं तर चिकटवण सुटलीय असं समजायचं. शिवाय टोचण्याआधी कागदाच्या पट्टीवर क्रोमॅटोग्राफी करून सुटं किती ते मोजायचं असतं, आणि रक्ताच्या द्रवात काही तास ठेवून पुन्हा मोजायचं. पण खोच पुढे आहे. यकृताने कण फोडला आणि मग टेक्निशियम सुटलं, तर? त्यासाठी काय करता येईल ते तिलाच सुचवू दे.

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शनिवारी दुपारी पेशंट नसतात, परवानगी काढून ठेवतो. गाय दाखवतो तिला. आजींनाही आणायचं असेल तर बाहेरच्या खोलीत बसता येईल.

खवचट_काका

आजींना केळं देऊ नका.